स्थिर खोरं

१४ नोव्हेंबर १९८६

मामा,

नमस्कार नंतर, आधी बातमी. मला फळगणना विभागात घेतलं! चार वर्षं आवक-जावकच्या खोलीत शिक्के मारून बोटं जांभळी केली, आता खरं काम हाताला लागलं. खोली तिसऱ्या मजल्यावर, टेबलं सहा, आणि एक लोखंडी कपाट आहे ज्याचं दार लाथ घातल्याशिवाय बंद होत नाही. देशातल्या एकेचाळीस खोऱ्यांतून मोजणीदारांचे तक्ते इथं येतात. झाडं किती, फळावर किती, झाडामागे किलो किती, एकूण टन किती. ते तपासायचे, बेरजा जुळवायच्या आणि वर्षाच्या शेवटी फळपुस्तक छापायला द्यायचं.

काल गठ्ठा सोडला तर वरच तुमचा तक्ता. तुम्ही सात काढताना शेपटी ओढता ना, ती मी हातभरावरूनच ओळखली. शेजारच्या तपासनीस बाई म्हणाल्या, "काय गं, तक्ता बघून हसणारी पहिलीच तू." मी म्हटलं, "हेच अक्षर गिरवून मी लिहायला शिकले." खरंच आहे ना ते? आई-बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची, दादा दहाचा. तुम्ही बागा मोजायला निघालात की आम्हाला बरोबर न्यायचात. दादा मोठ्यानं झाडं मोजायचा आणि मी पाटीवर रेघा ओढायची. त्या रेघांना आता पगार मिळतो म्हणायचा!

आता कामाचं. गेल्या तीन वर्षांत सफरचंद सगळीकडे उतरलंय. खालची खोरी निम्म्यावर आली. हिवाळे ऊबदार झालेत, झाडाला हवी तितकी थंडी मिळत नाही, असं इथले जाणकार सांगतात. एकट्या आपल्या खोऱ्याचा आकडा जागचा हलत नाही. तीन हजार एकशे, तीन हजार एकशे दहा, तीन हजार नव्वद टन. मोठे साहेब म्हणाले, "याला म्हणतात बागा राखणं." मी छाती फुगवून बसले होते. मामा, तुम्ही लोक तिथं करता तरी काय?

तुमची,
ठकू


२ डिसेंबर १९८६

चि. ठकू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मामीनं ते वखारीत नेलं. सफरचंदं निवडायचं काम थांबवून एकतीस बायकांना वाचून दाखवलं म्हणे. मुकादम ओरडला तर त्यालाही ऐकवलं. आता सगळ्यांना वाटतंय तू देशातली फळं एकटीच मोजतेस.

आम्ही काय करणार? खोरं उंचावर आहे, वारा गार असतो. माणसं मेहनती आहेत. तेवढंच. साहेबांना सांग, कौतुक करून झाडं वाढत नाहीत.

एक सहज विचारतो. तो तीन हजार टनांचा नियम अजून आहे का? लागोपाठ दोन वर्षं उत्पन्न त्याच्या खाली गेलं की त्या खोऱ्यातली वखार बंद, सरकारी ट्रक बंद, असं परिपत्रक मागे आलं होतं. आपल्याला त्याचं काही नाही, आपण वर आहोत. चावडीत कुणीतरी विचारत होतं, म्हणून.

स्वेटर विणायला घेतलाय मामीनं. गळा मोठा झाला तर बोलू नकोस.

तुझा,
मामा


९ फेब्रुवारी १९८८

मामा,

स्वेटरचा गळा मोठाच झाला, पण आत मफलर मावतो, तेव्हा तक्रार नाही.

त्या नियमाचं मागे कळवलंच होतं. तो आहे आणि चांगला कडक आहे. गेल्या वर्षी दोन खोऱ्यांतल्या वखारी बंद झाल्या. पण त्या खोऱ्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. तिथं अंजीर आणि डाळिंबाची कलमं पाठवली, शिकवायला माणूस बसवला. साहेबांचं म्हणणं, जिथलं सफरचंद गेलं तिथं दुसरं फळ लवकर रुजवायचं, आणि जिथलं टिकलंय तिथं सफरचंदच वाढवायचं.

आता माझी शेखी. या वर्षीच्या फळपुस्तकात एक परिच्छेद माझ्या हातचा आहे. आपल्या खोऱ्याला मी "स्थिर खोरं" असं नाव दिलं. साहेबांना ते इतकं आवडलं की आता सगळे तेच म्हणतात. सरकार स्थिर खोऱ्यात सफरचंदाची दहा हजार रोपं वाटणार आहे.

आणि दादानं ते पुस्तक माझ्याकडून मागवून घेतलं. एस.टी.च्या डेपोत इंजिनांखाली झोपून त्याला अकरा वर्षं झाली. पाठ बोलायला लागलीय त्याची. म्हणतो, बाबांचं शेत पडीक आहे, नोकरी सोडतो, तिथं चारशे सफरचंदं लावतो. वहिनी तयार आहे. मी म्हटलं, "मामांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस." तो म्हणाला, "मामा हो म्हणाले तर उद्या निघतो, नाही म्हणाले तर विषय संपला."

तेव्हा तुम्ही त्याला स्पष्ट काय ते लिहा. तुमच्या शब्दावर आहे तो.

ठकू


३ मार्च १९८८

चि. ठकू,

पत्र पोचलं. मामीला ताप होता म्हणून उशीर झाला.

तुझ्या दादाला मी काय सांगणार? जमीन त्याच्या बापाची. वय त्याचं चाळिशीकडे चाललंय. आपला निर्णय आपण घ्यावा. शेती म्हणजे कुणाचा भरवसा देता येत नाही, एवढं त्याला कळव. मी वेगळं लिहीत नाही.

पुस्तक मिळालं. परिच्छेद वाचला. भाषा चांगली आहे तुझी.

मामा


२० ऑक्टोबर १९८९

मामा,

दोन पत्रांना तुमचं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना?

वहिनीचं पत्र आलं. चारशेपैकी चारशे रोपं जगली म्हणते. दादानं आळी तुम्ही शिकवली तशीच केली, बुंध्यापासून वीत सोडून. पण तिनं असंही लिहिलंय की लागवडीच्या दिवशी अख्खं गाव आलं, मामीही आल्या, तुम्ही आला नाहीत. आणि नंतर वर्षभरात एकदाही त्या बांधावर चढला नाहीत. दादा काही बोलत नाही, पण मनाला लावून घेतलंय त्यानं. वेळ नव्हता का तुम्हाला? की काही खटकलं?

दुसरी गोष्ट ऑफिसची. पेट्यांच्या कारखान्यानं यंदा आम्हाला एक यादी पाठवली, कुठल्या खोऱ्याला किती लाकडी पेट्या गेल्या त्याची. मी नुसती चाळायला घेतली. आपल्या वखारीला चौऱ्याऐंशी साली एक लाख वीस हजार पेट्या गेल्या होत्या. यंदा एकावन्न हजार. तुमच्या तक्त्यात मात्र तीन हजार एकशे पाच टन.

निम्म्या पेट्यांत तेवढंच फळ कसं बसलं, मामा? माझीच कुठेतरी चूक होतेय, हो ना? ती कुठे होतेय तेवढं सांगा.

ठकू


६ नोव्हेंबर १९८९

चि. ठकू,

मी बागा मोजायला लागलो तेव्हा तुझ्या आईचं लग्नही झालं नव्हतं. आता तू पेट्या मोजून मला माझं काम शिकवणार का?

पेटीत न भरता टोपल्यांतून किती माल रस्त्यावर विकला जातो, हे तुला तिसऱ्या मजल्यावरून दिसत नसेल. खालच्या गावांचे टेम्पो बागेतूनच माल उचलतात. त्याची यादी कुठला कारखाना पाठवतो? मोजणीदार पायानं हिंडतो म्हणून मोजणीदार. बसल्या जागी आकडे लावायला कारकून असतात.

माझ्यावर विश्वास नसेल तर साहेबांना सांग, दुसरा माणूस पाठवा.

मामा


२८ नोव्हेंबर १९८९

मामा,

चुकले. पत्र वाचून दोन दिवस डबा खाल्ला नाही. ज्यांनी मला वाढवलं त्यांच्यावर मी कारखान्याच्या यादीवरून संशय घेतला. टोपल्यांचा मुद्दा मला सुचायलाच हवा होता.

ती यादी मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिली. तपासनीस बाईंनी विचारलं, "पेट्यांशी ताडून पाहिलंस का?" मी म्हटलं, "पाहिलं, जुळतंय." पुस्तक छापायला गेलं.

पुढल्या महिन्यापासून मला वरची जागा मिळतेय. तुमच्या आशीर्वादानं.

रागावू नका. मामींना नमस्कार.

ठकू


३० मे १९९२

ठकू,

या पत्राची ही तिसरी खेप. पहिली दोन मामीनं वाचली आणि म्हणाली, "यात तुम्ही स्वतःला फार सांभाळून घेतलंय. फाडा." म्हणून आता सरळ लिहितो.

परवा सकाळी तुझा दादा दारात आला. म्हणाला, "मामा, जरा बागेत चला." साडेतीन वर्षांत त्यानं पहिल्यांदा बोलावलं, कारण मी आपण होऊन कधी गेलो नव्हतो. नाही कसं म्हणणार? गेलो.

बाग त्यानं अशी ठेवलीय की दृष्ट लागावी. तण नाही, आळी गोल, पाट स्वच्छ. आणि झाडं अशी उभी, जणू निम्मी झोपेत. एका फांदीला पानं, शेजारची फांदी नुसती काटकी. थंडी पुरी झाली नाही की सफरचंदाला जागं व्हायचं कधी तेच समजत नाही. हे चौथं वर्ष, बहरानं पांढरं व्हायला हवं होतं शेत. बहराचे दिवस सरत आले होते आणि चारशे झाडांत मिळून ओंजळभर फुलं होती.

तो म्हणाला, "माझं काय चुकलं तेवढं सांगा. तुम्ही शिकवलं तसं सगळं केलं. खत, पाणी, छाटणी. बाकीच्यांना तीन हजार टन होतात, मग मलाच का नाही?"

मी म्हटलं, "बघतो." एवढंच निघालं तोंडातून. आणि घरी आलो.

ठकू, ते तीन हजार टन कुठेच नाहीत. पंच्याऐंशी साली हिवाळा आलाच नाही म्हण. मोजणी केली तर दोन हजार चारशे दहा भरले. मागच्या दोन वर्षांतही आपण काठावरच होतो. खरं लिहिलं असतं तर वखारीला घरघर लागली असती. मामी तिथं, तिच्याबरोबरच्या एकतीस जणी तिथं, आणि ट्रक थांबला की खोरंच थांबलं. मी म्हटलं, एकच वर्ष. पुढच्या साली झाडं भरून काढतील. तीन हजार एकशे दहा लिहिले. पुढच्या साली एकवीसशे भरले. आता खरं लिहावं तर मागचं उघडं पडतं. तिसऱ्या वर्षापासून मी मोजायलाच गेलो नाही. मोजलं असतं तर कळलं असतं ना! घरी बसून तक्ता भरायचो. एका साली वीस वाढवायचे, एका साली दहा उतरवायचे, म्हणजे खरं दिसतं.

टोपल्यांचं मी तुला जे लिहिलं ते खोटं होतं. दादाबद्दल तू विचारलंस तेव्हा एक "नको" पुरला असता. पण नको का, असं त्यानं विचारलं असतं. म्हणून मी त्याला विहिरीत उतरू दिलं आणि दोर धरायलाही काठावर गेलो नाही. लहानपणापासून तुला ठकू म्हणत आलो आणि ठकवलं तेही तुलाच.

मामीला वखारीत दिसत होतंच, फळ किती येतं ते. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता तिला सांगितलं, तुला सांगितलं. दादाला सांगायचं राहिलंय. तिथं पाय उचलत नाही.

मामा


११ जून १९९२

मामा,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. जे समोर आहे ते लिहिते.

खालच्या दोन खोऱ्यांना अंजिराची कलमं अठ्ठ्याऐंशी साली मिळाली. तिथं आता अंजीर विकायला येतंय. आपल्याला त्याच वर्षी सफरचंदाची रोपं मिळाली, कारण आपण स्थिर होतो. ते नाव मी दिलं होतं. सव्वीस घरांनी रोपं घेतली. त्यांतलं एक घर माझ्या भावाचं.

तुमच्यावर ओरडावंसं वाटतं, आणि ओरडायला गेले की पेट्यांची ती यादी डोळ्यांपुढे येते. तुम्ही खोटं लिहिलंत, पण मला तर खरं दिसलं होतं. मी बघून खण लावून घेतला. आपला मामा खोटं बोलत नाही, एवढ्यावर मी एका देशाची बेरीज केली.

पुढच्या महिन्यात मी साहेबांकडे जाते. त्याआधी दोन गोष्टी. दादाला तुम्ही स्वतः सांगायचं, माझ्या पत्रातून त्याला कळता कामा नये. आणि सत्त्याऐंशीपासूनचे खरे आकडे कुठेही टिपलेले असतील, कागदाच्या कपट्यावर का होईना, तर ते मला पाठवा.

ठकू


२५ जून १९९२

ठकू,

कपटा नाही. टिपायला मोजावं लागतं. पहिल्या दोन वर्षांचे आकडे तुला लिहिले तेही डोक्यातले.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दादाकडे गेलो. तो ओट्यावर बसून छाटणीच्या कात्रीला तेल देत होता. वहिनी धुणं वाळत घालत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बसलो असतो तर अर्धं सांगितलं असतं.

त्यानं कात्री खाली ठेवली. म्हणाला, "म्हणजे मी खड्डे खणत होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"चारशे खड्डे, मामा. एकेका खड्ड्याला तुम्ही मला थांबवू शकला असता."

तो उठून आत गेला. वहिनी ओले कपडे हातात धरून तशीच उभी. म्हणाली, "मामा, आता तुम्ही जा. ऊन चढायच्या आत घरी पोचा." मी एवढं केल्यावर तिला माझ्या उन्हाची काळजी, हे मला जास्त लागलं.

मग रविवारी वखारीत सगळ्यांना बोलावलं. वजनकाट्याशेजारी उभा राहून सांगितलं. मला वाटलं होतं मारायला उठतील. कुणी उठलं नाही. वरच्या अंगाचे ते म्हातारे बागवान आहेत ना, तुला खिसाभर जर्दाळू द्यायचे ते, ते एवढंच म्हणाले, "मोजणीदार, सात वर्षं मी समजत होतो माझ्याच हाताचा गुण गेला. बाकीच्यांचं पिकतंय, माझंच नाही. पोराला म्हटलं, तुझा पायगुण वाईट म्हणून बाग रुसली. तो घर सोडून गेला."

मग एकेक जण तेच बोलायला लागला. प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच बाग बिघडली. लाजेनं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पुस्तकात तर सगळं ठीक होतं.

मी वखार वाचवायला गेलो होतो, ठकू. या माणसांना एकमेकांपासून तोडून बसलो हे मला त्या दिवशी कळलं.

मामा


१६ फेब्रुवारी १९९३

मामा,

इतके महिने लिहिलं नाही कारण चौकशी चालू होती, आणि रागही होता. राग अजून आहे. पण हक्कानं रागवावं असं मला जगात दुसरं माणूस नाही, तेव्हा पत्र बंद करून कसं चालेल?

साहेबांपुढे तुमचं पत्र आणि पेट्यांची यादी दोन्ही ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जबाबदारी कुणाच्या नावावर लिहू?" म्हणाले. मी म्हटलं, "तक्ता मोजणीदारांचा, पण 'जुळतंय' हा शब्द माझा. दोघांच्या नावावर लिहा." तपासनीस बाई माझ्यासाठी भांडल्या. उपयोग व्हायचा नव्हता, झाला नाही. मला खाली तळमजल्यावर जुन्या पुस्तकांच्या कोठारात बसवलंय. खिडकी नाही, पण कपाटाचं दार नीट लागतं. तुमच्या बडतर्फीचा कागद तुम्हाला मिळाला असेलच.

दुरुस्त फळपुस्तक काल छापून आलं. मी आधी सफरचंदाचं पान काढलं. बाकीच्या चाळीस खोऱ्यांपुढे आकडे आहेत, कुठे चढते, बहुतेक उतरते. आपल्या खोऱ्यापुढे पंच्याऐंशी ते एक्क्याण्णव अशा सात रकान्यांत सात आडव्या रेघा. खाली टीप, "माहिती उपलब्ध नाही." मी साहेबांना विचारलं होतं, पेट्यांवरून अदमास बांधता येणार नाही का? मामांना पहिल्या दोन वर्षांचं आठवतंय ते घेता येणार नाही का? ते म्हणाले, "अदमासानं एकदा पोळलोय. जे मोजलं नाही ते मोजलं नाही."

तुम्ही सगळे तिथं राहत होता, झाडं उभी होती, माणसं राबत होती, आणि त्या सात वर्षांत किती पिकलं हे आता कधीच कुणाला कळणार नाही. मला त्या रेघांकडे बघवेना. संपूर्ण देशाच्या बेरजेखालीसुद्धा त्यांच्यामुळे एक फुली आहे.

वखार एप्रिलमध्ये बंद होणार, हे पक्कं. अंजिराची कलमं मिळतील, पण आधी नव्यानं मोजणी व्हायला हवी, एका हंगामाची तरी. नवा मोजणीदार खोऱ्यातलाच नेमणार आहेत.

दादा मला लिहीत नाही. तुमच्याशी बोलतो का?

ठकू


२ ऑक्टोबर १९९३

चि. ठकू,

दादा बोलत नाही. वाटेत दिसला तर बाजूला होतो. वाट देतो, तोंड देत नाही. मी ते मान्य केलंय.

वखार बंद झाली. कुलूप लागल्यावरही पहिले आठ दिवस मामी सकाळी सातला डोक्याला रुमाल बांधून दारात येऊन उभी राहायची आणि मग आत वळायची. मी बघितलं न बघितल्यासारखं करायचो. आता ती आणि आणखी सहा जणी मिळून सुकवलेल्या फळांचं काहीतरी करायचं म्हणतायत. मला विचारत नाहीत, आणि तेच बरं आहे.

तुला कळलं नसेल, नवा मोजणीदार म्हणून वहिनीची नेमणूक झाली. परीक्षेला नऊ जण होते, ती पहिली आली. ऑगस्टच्या शेवटी एक दिवस दारात हजर. हातात तक्त्यांची फाइल, पायात दादाचे बूट. म्हणाली, "मामा, पुस्तकात लिहिलंय, मेलेलं झाड आणि झोपलेलं झाड वेगळं धरायचं. ते ओळखायचं कसं?" मी म्हटलं, "नखानं साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत." ती म्हणाली, "मला दाखवा. तोंडी नको."

मी म्हटलं, "मला बडतर्फ केलंय, माझा हात लागलेला तक्ता चालायचा नाही." तर म्हणते, "तक्त्याला हात मी लावीन. तुम्ही झाडाला लावा."

पाच आठवडे आम्ही हिंडलो. गुडघे बोलायला लागले तरी एकही बांध सोडला नाही. लोक आम्हाला आत घेत होते. काही जण तिला पाणी द्यायचे आणि मला द्यायचे नाहीत, मग ती आपला अर्धा पेला मला द्यायची. म्हाताऱ्या बागवानांकडे दोनशे दहा झाडं, त्यांत साठ मेलेली. खोऱ्याचा आकडा हजाराच्या आत जाईल असं दिसतंय.

तुझ्या दादाची बाग तिनं शेवटी ठेवली होती. काल गेलो. मी बांधाबाहेरच थांबलो. तो आत आळी सारखी करत होता, कशासाठी देव जाणे. वहिनी मला म्हणाली, "या आत. मोजणी अशी बाहेरून होत नाही." दादानं वर बघितलं आणि पुन्हा फावडं चालवायला लागला. मी आत गेलो.

चारशे झाडं तिनं एकेक करून मोजली. मी पुढे जाऊन साल खरवडत होतो. तीनशे एकोणनव्वद जिवंत, अकरा मेलेली. फळ एकाही झाडावर नाही. मी दोनदा फिरलो, पानांखाली बघितलं, एखादं चुकून राहिलं असेल म्हणून. नव्हतं.

ती बांधावर बसली. फाइल मांडीवर. झाडांचा रकाना भरला आणि फळाच्या रकान्याशी पेन थांबलं. मला तिचा हात दिसत होता. नवऱ्याची पाच वर्षं होती त्या चौकोनात, आणि समोर तो उभा, शेजारी मी.

दादा फावडं टेकवून तिच्याकडे बघत होता. म्हणाला, "शून्य लिही."

तिनं लिहिलं.

"त्यांना दाखव," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "बरोबर आहे का विचार."

तिनं फाइल माझ्यापुढे धरली. चष्म्यावर पाणी आलं होतं म्हणून मला आधी दिसेना. मी पुसून बघितलं. बरोबर होतं. तसं म्हटलं.

तक्ता आज टपालात पडला. आता तो तुझ्या टेबलावर यायचा नाही, म्हणून तुला वेगळं कळवतोय.

मामा